पेंढ्यात पिकवलेली वाईन

घोलवडच्या धोंडूभाऊ चुरींच्या अंगठ्याला वाणगावपर्यंत मान होता. चिकूच्या सालीवर नखाने बारीक ओरखडा काढायचा, खालचा रंग बघायचा आणि सांगायचं, हा आज तोडा, हा चार दिवसांनी. तीस वर्षांत त्यांच्या नावाच्या करंडीतून एकही सडका चिकू गेला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं.

२०१८च्या मे महिन्यात त्यांच्या लेकीचा, वर्षाचा, पुण्याहून फोन आला. तिच्या ऑफिसातला विपुल तिला पसंत होता आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तो आपल्या आईला, निलमताईंना, घेऊन घर बघायला येणार होता.

"बाबा, त्यांच्याकडे जेवताना थोडी रेड वाईन घेतात. एक बाटली आणून ठेवा. इम्पोर्टेड. आठशेच्या आत चांगली मिळते."

"आपल्या घरात?"

"तुम्ही पिऊ नका, नुसती ठेवा. त्यांना आपण गावंढळ वाटायला नको. एवढं सांभाळा, बाबा."

धोंडूभाऊंना हे लागलं. लेकीला बापाची लाज वाटते, हे असं फोनवर कळावं याचं त्यांना वाईट वाटलं. पण लेक एकुलती एक आणि स्थळ चांगलं. बाटली आणायचीच, आणि आणायची तर नीट पारखून, असं त्यांनी ठरवलं.

डहाणूला मनिषचं किराणा दुकान होतं आणि शेजारच्या गाळ्यात त्याचाच वाईनचा परवाना. मधल्या भिंतीला दार होतं, म्हणजे अब्रूदार माणसाला रस्त्यावरून जावं लागत नसे. धोंडूभाऊंनी आधी दोन किलो पोहे घेतले, मग साखर, मग गरज नसताना हिंग. ओळखीचं कुणी नाही असं बघून ते दारातून पलीकडे सरकले.

मनिषने पाच-सहा बाटल्या मांडल्या. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रेलिया. लेबलावर किल्ले होते, घोडे होते. धोंडूभाऊंनी लेबलाकडे पाहिलंच नाही. चित्राला भुलून माल घेणारा माणूस त्यांच्या धंद्यात टिकत नसे. त्यांनी बाटली उलटी केली आणि तळाला अंगठा लावला. अंगठा अर्धा आत गेला.

"हे काय रे?"

"बाटल्या अशाच येतात, काका."

"अशाच येणार. आमच्यात पण करंडीच्या तळाला पेंढा दाबतात आणि वर चार चिकू रचतात. मला नको शिकवू."

"माप बरोबर आहे, काका. लिहिलंय ना वर."

"लिहिलेलं करंडीवर पण असतं."

खोल तळाच्या सगळ्या बाटल्या अशा बाद झाल्या. उरली एक, चिलीची, फिरकीच्या टोपणाची, तळाला पाटासारखी सपाट. सहाशे नव्वद. सगळ्यांत स्वस्तही तीच निघाली. प्रामाणिक माल स्वस्तच असतो, हा धोंडूभाऊंचा जुना सिद्धांत होता.

"जरा कोवळी आहे ही," बिल करताना मनिष म्हणाला. "वाईन जेवढी मुरेल तेवढी चांगली." त्याने स्वतः जन्मात थेंब चाखला नव्हता. कंपनीचा माणूस सांगून गेला तेच तो पुढे सांगत होता.

कोवळी म्हटल्यावर धोंडूभाऊ निश्चिंत झाले. कोवळ्याचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. चिकू पिकवायच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी बाटली भाताच्या पेंढ्यात आडवी न ठेवता उभी पुरली आणि टोपण सैल केलं, कारण कोंडलेला माल सडतो. वाडीत कामाला येणारा तलासरीचा हिरू बघत होता.

"भाऊ, आमची ताडी अशी ठेवली तं दुपारलाच आंबते."

"ताडी वेगळी, हिरू. ही परदेशी आहे."

आठ दिवस पत्रा तापत राहिला.

रविवारी तळलेल्या पापलेटांबरोबर सरबताचे चांगले ग्लास निघाले. धोंडूभाऊंनी बाटली तिरपी केली आणि त्यांचा हात थांबला. शेडमागे फेकलेल्या सडक्या चिकूंच्या ढिगाला येतो तो वास. आयुष्यभर ज्या वासाशी वैर केलं तो वास त्यांच्याच हातातून येत होता. सांगून टाकावं म्हणून त्यांनी मान वर केली. वर्षा त्यांच्याकडेच बघत होती. एवढं सांभाळा, बाबा. त्यांनी ग्लास भरले.

निलमताईंनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा. हिला मातीचा गंध आहे. हा आंबटपणा ओरिजिनल मालातच मिळतो."

"एकदम वेगळी," विपुल म्हणाला.

वर्षाने घोट घेतला. "छान आहे, बाबा."

सहा वर्षांची असताना ही पोरगी डोळे झाकून, नुसत्या वासावर, करंडीतला एक नासका चिकू उचलून द्यायची.

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर ओटीवर धोंडूभाऊंनी विचारलं, "तुला खरंच कळलं नाही?"

"पहिल्या घोटाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला तर ओततानाच कळलं होतं," वर्षा म्हणाली. "तुम्ही का नाही बोललात?"

धोंडूभाऊंनी अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

महिन्याभराने फोन आला. लग्नानंतरच्या पार्टीला निलमताईंना डझनभर बाटल्या हव्या होत्या, त्याच वाईनच्या. "आणि चव तशीच हवी म्हणाल्या," वर्षा हळूच म्हणाली.

धोंडूभाऊंनी मनिषकडून सपाट तळाच्या बारा बाटल्या आणल्या. हिरू पेंढा घेऊन पुढे झाला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. हे काम माझं." खोलीत बसून त्यांनी एकेक बाटली पुरली आणि एकेक टोपण सैल केलं. बाराव्या बाटलीवर अंगठा जरा वेळ थांबला, मग तेही टोपण त्यांनी सैल केलं.