रानशेतचे आकडे आणि माझं उघडं पोस्टकार्ड

हे लिहायला मला एका माणसाने भाग पाडलं आहे. मी त्यांना पोस्टकार्डावर खोटं ठरवलं. पोस्टकार्ड उघडं असतं, म्हणून दुरुस्तीही उघडी हवी, अशी त्यांची मागणी आहे. मागणी रास्त आहे. त्या निमित्ताने डहाणू-तलासरीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना रस्त्याची आणि जेवणाचीही माहिती मिळेल.

आधी प्रकरण सांगते. मी हौशी रेडिओवाली, परवाना बऱ्याच जुन्या काळातला. एका कॉलेजच्या मुलांनी वीतभर आकाराचा उपग्रह बनवला आणि तो वर गेला. डोक्यावरून जाताना तो मोर्सच्या टिंब-रेघांत आपल्या बॅटरीची हालहवाल सांगतो. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी ती ऐकून उतरवायची आणि पाठवायची. तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गटात लोकांना 'नाही' म्हणणं मला एकटीलाच जमतं.

हे आकडे सोळाच्या पद्धतीचे असतात. नऊच्या पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं आकडे म्हणूनच येतात. तलासरीहून दामोदर राऊत नावाचे निवृत्त तारमास्तर पोस्टकार्डावर आकडे पाठवायचे. त्यांत सी आणि एफ भरपूर, पण ए, बी, डी, ई औषधालाही नाहीत. उपग्रह असा पक्षपात करत नाही. मी कळवलं, 'आकडे कल्पित वाटतात. यापुढे पाठवू नयेत.'

अडचण एवढीच होती की राऊतांच्या आकड्यांतल्या तीन सकाळी उपग्रह त्यांच्याखेरीज कोणालाच ऐकू आला नव्हता, आणि त्यानंतर तो आजारी पडला. नेमकं काय बिघडलं ते त्याच तीन सकाळींत दडलेलं होतं. मुलं रडकुंडीला आली होती. राऊतांचं उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावरच. 'समोर बसून तपासा.' मी बॅग भरली.

२०१७चा डिसेंबर. ठाण्याहून अहमदाबाद महामार्गाने जाणारी एसटी पकडली. मनोरपर्यंत ट्रकांची रांग, पुढे रस्ता मोकळा. पाठदुखी असणाऱ्यांनी मागची सीट घेऊ नये. चारोटी नाक्यानंतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर दिसला आणि अर्धी बस हात जोडून उभी राहिली. उभं राहायला जागा होती, हे महामंडळाच्या कौतुकासाठी नोंदवते.

तलासरीला उतरले आणि नाक्यावरच्या टपरीवर चहा मागितला. चहावाल्याने "बेसो ने बेन" म्हणत बाकडं पुसलं.

"कोणाकडे जायचंय?"

"राऊत तारमास्तरांकडे."

"अरे, मोठा माणूस. त्या मुंबईच्या बाईनी त्यांना खोटा पाडला, ठाऊक आहे का तुमाला? कार्ड आलं ना, पोस्टमनने इथंच वाचून दाखवलं. कसली बाई असेल."

बाकड्यावरचा एक गृहस्थ म्हणाला, "शिकलेली असेल."

मी ठाण्याची आहे. एवढीही दुरुस्ती मी केली नाही. चहा चांगला होता, साखर फार.

राऊत मुलीकडे राहतात. मुलगी, सुलभा, तिथल्या शाळेत शिक्षिका. मास्तर सत्तरीचे, ताठ, इस्त्रीच्या शर्टात. मी नाव सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि एवढंच म्हणाले, "बसा. उद्या सकाळी पावणेदहाला येतोय तो."

"इथे ऐकता?"

"इथे हायवे आहे, वायरी आहेत. रेडिओत नुसती खरखर. रानशेतला आमचं जुनं घर आहे, तिथे."

रात्री जेवायला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. लॉजवर राहिले. खोली स्वच्छ, उशी दगडाची म्हटली तरी चालेल. खिडकी महामार्गाकडची घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने चारोटी, तिथून खच्चून भरलेल्या जीपने रानशेत. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाचीतरी वालाची पापडी होती. भात कापून झालेला, शेतं मोकळी, आकाश मोठं. मास्तरांच्या अंगणात बांबूवर अॅल्युमिनियमच्या काड्या ठोकलेला अँटेना होता. तो हातात धरून उपग्रहाच्या मागे फिरवायचं काम सुलभाचं.

"सुट्टीच्या दिवशी बायका देवीला जातात," ती मला म्हणाली. "मी बांबू घेऊन उभी असते. शेजारी विचारतात, कावळे हाकलतेस का."

मी लॅपटॉप लावला. तो मोर्स ऐकून अक्षरं पडद्यावर टाकतो. मास्तरांनी कच्ची वही आणि पेन्सिल काढली.

पावणेदहाला मास्तरांच्या रेडिओत दक्षिणेकडून बारीक शीळ आली.

"सुलभा, डावीकडे."

"डावी तुमची की माझी, बाबा?"

"डोंगराची डावी."

"डोंगराला विचारून सांगते."

 मास्तरांचा हात चालू लागला आणि मी त्या हाताकडे बघत बसले. टिंब-रेघ वाजलं. पडद्यावर ए आला. मास्तरांनी १ लिहिला. रेघ-टिंब-टिंब वाजलं. पडद्यावर डी, वहीत ८. सी आला, त्यांनी सी लिहिला. एफ आला, एफ लिहिला. बी आला, तर ७.

दहाएक मिनिटांत शीळ उत्तरेला विरली. मी विचारलं, "मास्तर, डी वाजला. तुम्ही आठ का लिहिलात?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना दोन दुणे किती ते विचारलं.

"आकड्यांच्या मजकुरात डी कुठून येणार? तो छोटा आठ, तारेत आठाऐवजी वाजवायचा. एक म्हणजे ए, पाच म्हणजे ई, सात म्हणजे बी. पाच-पाच खुणांचा पूर्ण आकडा वाजवत बसलो असतो तर दिवसाच्या तारा दिवसात गेल्या नसत्या. सी आणि एफ कुठल्याच आकड्याचं छोटं रूप नाही, म्हणून ते तसेच ठेवले. मला वाटलं, मुलांची चूक असेल."

पोरांनी अक्षर पाठवलं, मास्तरांनी इमानदारीने त्याचा आकडा केला, आणि मी त्या इमानदारीला कल्पित म्हटलं. लाजिरवाणी बाब ही की छोटे आकडे मलाही ठाऊक आहेत. हौशी मंडळी स्पर्धेत तेच वापरतात. मला ते आठवले नाहीत, कारण आठवायची मी तसदीच घेतली नाही.

पण मग त्या तीन सकाळींची कार्डं? त्यांतला कुठला १ खरा आणि कुठला ए, हे आता कसं कळणार? मी विचारलं तेव्हा माझा आवाज, मला वाटतं, पहिल्यांदाच खाली आला होता.

मास्तरांनी वही उलटी फिरवून माझ्यापुढे ठेवली. काही आकड्यांखाली बारीक टिंब होतं.

"छोटा आला की खाली टिंब. नंतर शंका निघाली तर बघायला. सगळे तारबाबू असंच करायचे."

"मग कार्डावर टिंबं का नाहीत?"

"कार्ड ही पक्की प्रत. गिऱ्हाइकाला टिंबं कशाला?"

सुलभा बांबू भिंतीला टेकवून हसत होती. मास्तर हसले नाहीत. मी माफी मागितली आणि ठाण्याला जाऊन सविस्तर पत्र पाठवते म्हटलं.

"पाकीट नको," ते म्हणाले. "कार्ड टपरीवर वाचलं गेलं. पाकीट फक्त मी वाचीन."

परतताना डहाणूमार्गे गेले. समुद्रावर वारा चांगला, चिकू टोपलीच्या वरचे गोड आणि खालचे कच्चे. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर डिसेंबर उत्तम, आणि रानशेतला अर्धा दिवस ठेवावा. बघायला काही नाही. तिथे वर बघायचं असतं.

घरी येऊन आठवडा झाला. डोंगर, वारा, भाकरी हळूहळू पुसट होतील. तो पेन्सिल धरलेला हात होणार नाही. मी आत्तापर्यंत नाकारलेले सगळ्यांचे आकडे काढून पुन्हा बघते आहे. गटातल्यांना हे कळलेलं नाही. आता कळेल.

देवघेवीची नोंद:

दामोदर राऊत यांच्याकडून मिळाली: कच्ची वही एक, तीन सकाळींची पानं अकरा, टिंबांसह.

कॉलेजच्या मुलांना सुपूर्द: तीच वही, सोबत टिंबांवरून दुरुस्त केलेले आकडे. मुलांनी सही देऊन ताब्यात घेतली. बॅटरी कोणत्या सकाळी बसली ते त्यांना त्याच संध्याकाळी सापडलं.

राऊत यांना रवाना: पोस्टकार्ड एक, उघडं, मोठ्या अक्षरांत, पोस्टमनला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. मजकूर: 'आकडे खरे. चूक तपासणारीची.'