तूबघकाका

आमच्या काकांना प्रश्न विचारला की ते डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, झोपले बिचारे. दुपारची वेळ, खिडकीबाहेर कडुनिंब हलतोय, खालून कारखान्यातल्या लेथ यंत्राचा एकसुरी आवाज येतोय. कुणालाही पेंग यावी. मी पाय न वाजवता मागे सरकले, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच उत्तर आलं, "तुझं तू बघ."

आपल्याकडे हे वाक्य माणसाला कटवायला वापरतात. काका मात्र घराची किल्ली हातात ठेवावी तसं म्हणायचे. बडोद्याच्या त्या पंपांच्या कारखान्यात ते डिझाइनमधले सर्वांत जुने साहेब, आणि आम्ही सहा महिन्यांसाठी शिकायला आलेली इंजिनीअरिंगची पोरं. बाकीच्या विभागांत आमच्यासारख्यांना झेरॉक्स काढायला लावत. काकांनी मला चौथ्याच दिवशी नवा टेस्ट बेंच देऊन टाकला, म्हणजे तयार पंप चालवून तपासायचं अख्खं यंत्र. चौकट, टाकी, मोटर, सगळं. "ड्रॉइंग तुझं, माणसं तू गोळा करायची, नारळही तूच फोडायचा." मी हबकलेच. "काका, मला नाही हो येत!" "मलाही नव्हतं येत. बस, चा पी."

आम्ही त्यांचं नाव तूबघकाका ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. सगळं आयुष्य बडोद्यातल्या रावपुऱ्यात गेलेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरतील याचा नेम नसे. "केम छो, जळगाव?" ही माझी रोजची सकाळची हाक. मी जळगावची, बडोद्यातच मांजलपूरला मावशीकडे राहत होते. तिची स्कूटर घेऊन निघाले की सिग्नलला मला समोरची गर्दी दिसायची नाही. माझी टाकी दिसायची, आणि तिच्यात पाणी हळूहळू गोल फिरत राहायचं. मागचे हॉर्न वाजवून थकायचे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं. इतकी सुखात मी पुढे फारशी कधी नव्हते.

आणि मग मी माती खाल्ली. मोटरखाली चार लोखंडी पट्ट्या बसवायच्या होत्या. त्यांत बोल्टची भोकं कडेपासून किती अंतरावर हवीत, ते मोटरवर मापायचं होतं. मोटर पार टोकाच्या गोदामात, वर रणरणतं ऊन. कोण जाणार? मी आमचे फिटर रमणभाई यांना फोन लावून मोडक्या हिंदीत विचारलं. "सत्तर छे, बेन," ते म्हणाले. मी सत्तर मिलिमीटर लिहिलं आणि ड्रॉइंग काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, आणि डोळे मिटले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"स्वतः मापलंस?"

"हो," मी ठोकून दिलं. त्यांनी सही केली.

जोडणीच्या दिवशी मॅनेजरसाहेब मुद्दाम बघायला आले, आणि पट्ट्यांची भोकं मोटरच्या भोकांच्या आसपासही येईनात. रमणभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बेन, सत्तर कह्युं हतुं, सित्तेर नहीं!" गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा, हे मला तेव्हा कळलं. मॅनेजर भडकले. "हे काम या पोरीकडून काढा. आपल्या पक्क्या माणसाला द्या."

काका शांतपणे म्हणाले, "काम तिचं आहे, म्हणून चूकही तिची आहे. काम काढून घेतलंत तर चूक अनाथ होईल, साहेब. सही माझी आहे. बोलायचं ते मला बोला."

मॅनेजर बोलले, सगळ्यांदेखत, भरपूर. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मला ते बघवेना. "काका, मी मापलंच नव्हतं. खोटं बोलले मी."

त्यांनी एक डोळा उघडला. "मग आता?"

"आता माझं मी बघते."

मी गोदामात जाऊन एकेक भोक स्वतः मापलं आणि त्याच पट्ट्यांत सतरावर नवी भोकं पाडून घेतली. सत्तरची तशीच उरली. वेल्डिंगने बुजवू का, विचारलं तर काका म्हणाले, "राहू दे गं. हवा खेळेल." पुढच्या आठवड्यात नारळ मीच फोडला.

गेल्या वर्षी काका गेले. मी रावपुऱ्यात त्यांच्या घरी गेले, तर काकू माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "सत्तरची भोकं पाडणारी तूच का गं?" मी मान हलवली. "सही केली त्या दिवशी घरी येऊन ताटावर बसले. पोरीने सतराचे सत्तर केलेत, म्हणाले. मी म्हटलं, अहो, मग सांगा की तिला! तर म्हणे, मापलंस का विचारलं, हो म्हणाली. चार पट्ट्या जातील, जाऊ देत. तिचं ती बघेल. पण घास उतरत नव्हता हो यांच्या घशाखाली. ताटावरून उठले तसेच."

मला रडू आवरेना.

आता माझ्याकडेही पोरं शिकायला येतात. परवा एकीने मोठ्या हौसेने ड्रॉइंग पुढे ठेवलं. एक माप चुकलेलं मला लगेच दिसलं. नुकसान होण्यासारखं काही नव्हतं, फार तर एक पत्रा वाया गेला असता. "स्वतः मापलंस?" मी विचारलं. ती पटकन "हो" म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. काका, फार जड जातं हो.