न्हाणीतली तरंगती वीट

भिजलेल्या विटेचा वास आला की मला तेरमधली आमची न्हाणी आठवते. तेरणेकाठच्या टेकाडावर सापडलेल्या विटेच्या तुकड्यानं आई तिथं टाचा घासायची. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, असं कॉलेजात सरांनी सांगितलं, तेव्हा घरी येऊन मी तो तुकडा बादलीत सोडला. तो खरंच तरंगला. "आई, ही लई जुनी असंल. संग्रहालयात देऊ?" मी भीतभीत विचारलं. "अन् म्या टाचा कशानं घासू? तुझ्या पुस्तकानं?" आई म्हणाली. मग वीट निरखत तीच म्हणाली, "त्या येळच्या बायांच्या टाचा फुटत नव्हत्या व्हय गं?" वीट न्हाणीतच राहिली. मी आता इतिहास शिकते, पण आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.