बिस्मार्क व्हर्सायला गेला त्या रविवारी

आमच्या घरात विळीला गिलोटीन म्हणतात.

याला जबाबदार मीच. आमची मृणाल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि जगाचा इतिहास-भूगोल काही केल्या तिच्या डोक्यात राहत नव्हता. मी सरकारी कचेरीत कारकून (म्हणजे दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी डकवायची सवय!), म्हणून युक्ती काढली: घरालाच जग करून टाकायचं. फ्रीज झाला सायबेरिया. कुकर झाला व्हेसुव्हियस ज्वालामुखी. चकचकीत टाइल्स आणि हा मोठा आरसा बसवलेलं आमचं नवं संडास-बाथरूम म्हणजे व्हर्सायचा राजवाडा. आणि लासलगावहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई, जिच्यासमोर सोसायटीचा वॉचमनसुद्धा ताठ उभा राहतो, ती बिस्मार्क.

"कोन हाय ह्यो?" आईनं संशयानं विचारलं.

"आजी, त्यानं सगळा जर्मनी एक केला," मृणाल म्हणाली.

"मंग चालंल. म्या पन चार जावा एका चुलीवर आनल्या व्हत्या."

महिन्याभरात ही नावं मृणालच्या आधी आमच्याच तोंडात बसली. आणि नेमकं तेव्हाच मृणालनं सांगितलं, की तिनं अनिकेत नावाचा मुलगा पसंत केलाय, आणि रविवारी त्याचे आईवडील सायखेड्याहून आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर येणार आहेत.

"पप्पा, त्याचे वडील रिटायर्ड हेडमास्तर आहेत. माणसं बघून ठरवू म्हणालेत. प्लीज, एक दिवस सगळे नॉर्मल बोला ना!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मी तिला शब्द दिला. लगेच सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. जिभेवरच्या मात्र राहून गेल्या.

पाहुणे आले. गुरुजी पांढऱ्याशुभ्र शर्टात, खुर्चीच्या टोकावर. त्यांच्या सौ. पदर सावरून सोफ्यावर.

"कोणता विषय शिकवायचात, गुरुजी?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"इतिहास."

मी बिस्किटांची बशी पटकन पुढे केली. मृणालनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं कुणी काही बोलूच नये! पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, खणखणीत आवाज आला, "आई, तेवढी सायबेरियातून कोथिंबीर काढा हो!"

गुरुजींची भुवई वर गेली.

"आणि अहो, गिलोटीनची धार गेलीये! नेमकी पाहुणे आले तेव्हाच! कामं व्हायची कशी आता?"

"काय वो ते?" सौ.नी गुरुजींना हळूच विचारलं.

"मुंडकं उडवायचं यंत्र," गुरुजी ओठ न हलवता म्हणाले.

बाईंचा हात थेट गळ्याकडे गेला. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, ती त्यांनी मुठीत धरली. मी हसायचा प्रयत्न केला. (मला नंतर सांगण्यात आलं, की ते हसणं जास्त भीतिदायक होतं.)

"म्हणजे त्याचं काय आहे, कांदाभजी..." मी सुरुवात केली, तर आतून आई ओरडली, "अगं सुनंदे, व्हेसुव्हियसखालचा गॅस बंद कर, फुटंल न् समदे मरू!"

कुकरची शिट्टी झाली. सौ. उठून उभ्याच राहिल्या. मृणालचा चेहरा पांढराफटक! आता विषय बदललाच पाहिजे, असं मला वाटलं. गुरुजींनाही तसंच वाटलं असावं.

"आजींची भेट नाही झाली अजून," ते म्हणाले.

मी आत डोकावलं. आई स्वयंपाकघरात नव्हती. पलीकडचं दार बंद होतं. आणि मी, ज्यानं पोरीला शब्द दिला होता त्या मी, अत्यंत नम्रपणे सांगितलं, "येतीलच. बिस्मार्क व्हर्सायला गेलेत."

"हो, अठराशे एकाहत्तर," गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "तिथंच जर्मन साम्राज्याची घोषणा..."

आतून फ्लशचा दणदणीत आवाज आला.

पदराला हात पुसत आई बाहेर आली, मागोमाग भज्यांची बशी घेऊन सुनंदाही. मला तर खरोखर वाटलं, संपलं सगळं, माझ्या हुशारीनं माझ्याच पोरीचं लग्न मोडलं. शेवटी मृणालनंच रडवेल्या आवाजात चिठ्ठ्यांचा सगळा प्रकार सांगून टाकला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले, "आणि यात तुम्ही कोण?"

"सिकंदर," मी विनयानं म्हणालो.

आई आणि सुनंदा एकदमच हसल्या. (दोघी एकत्र हसण्याचा हा आमच्याकडे पहिलाच प्रसंग!)

"ते त्यांचं ते स्वतःला म्हणतात," मृणाल डोळे पुसत म्हणाली. "मी त्यांना बफर राष्ट्र म्हणते."

मी थक्क झालो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

"व्याख्या?" गुरुजी ताठ बसले. वर्गच भरला.

"दोन बलाढ्य सत्तांच्या मधलं छोटं राष्ट्र. दाब दोन्हीकडून. दोघींनाही दुखवत नाही, म्हणून टिकतं."

"पैकीच्या पैकी!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "उभी नोकरी गेली, पण एका पोरानं कधी इतकं नीट सांगितलं नाही."

"आमच्या घरात बी हाय की असलं एक राष्ट्र," सौ. परत बसत म्हणाल्या. गुरुजींनी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला.

मग चष्मा चढवून म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. बोला, लग्न कुठं करायचं?"

"लासलगावला," आई म्हणाली. "गाव हाय आपलं."

"नाशिकला," सुनंदा म्हणाली. "मी हॉल बघूनसुद्धा ठेवलाय."

दोघी माझ्याकडे वळल्या. सगळेच वळले. मी आईकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि ठामपणे म्हणालो, "दोघींचंही अगदी बरोबर आहे!"

मृणालनं भज्यांची बशी गुरुजींपुढे सरकवली.

"सर, मघाशी व्याख्या दिली होती. हे उदाहरण."