शांत म्हणजे काय, असे विचारणारे डॉक्टर

डॉ. वामनराव सोनटक्के यांची व माझी पहिली भेट शाळेत झाली. जवळच्या गोरेगावच्या सरकारी दवाखान्यातून ते सायकलने आमच्या गावी आले होते. मुले घरी जाईपर्यंत ते बाहेर चिंचेखाली उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, सुखरामला तपासून आलो. तो म्हणतो बरा आहे, त्याचा भाऊ म्हणतो बरा आहे. तुम्हाला मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मी गोंधळलो. सुखरामच्या हातून माझे थोरले बंधू, नाना, गेले होते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फावड्याच्या घावाने. वैर नव्हते, दोघे लहानपणापासूनचे सोबती. त्या वेळी आपण काय करतो हे सुखरामला कळत नव्हते, असे कोर्टाने ठरवले. त्याला शिक्षा झाली नाही, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. काही वर्षांनी त्याचा भाऊ बळीराम याने हमी लिहून दिली, तेव्हा सरकारने त्याला घरी पाठवले. अट एकच होती. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी त्याला तपासावे आणि तो घरी ठेवण्याजोगा आहे का ते कळवावे. नसेल तर पुन्हा नागपूर.

"मला काही सांगायचं नाही," मी म्हणालो. "मग पुढच्या खेपेला विचारतो," असे म्हणून ते गेले, आणि पुढच्या खेपेला खरोखरच विचारले. मधल्या काळात माझी आई आजारी पडली, तेव्हा ते घरी येत. औषध देऊन झाले की तिच्याजवळ बसत आणि नाना लहानपणी कसे होते ते विचारत. आमच्या घरात नानांचे नाव कोणी घेत नसे. आई त्यांना तासभर सांगत बसे.

एकदा ते मला बळीरामच्या अंगणात घेऊन गेले. सुखराम धुतलेली बंडी घालून खाटेवर बसला होता.

"का गा सुखराम, आज काय जेवला?"

"भात न् वरण जेवला जी," बळीराम म्हणाला.

"झोप लागते?"

"मस्त लागते जी," पुन्हा बळीरामच.

"बळीरामभाऊ, तुमची तब्येत समजली. आता याची समजू द्या." मग त्यांनी सुखरामला विचारले, "दिवसभर काय करतो?"

"बसून राहतो जी."

"काऊन?"

"भाऊ म्हणते, बस."

बळीराम म्हणाला, "मागच्या डाक्टरसाहेबानं कागदावर शांत आहे असं लिवलं. मंग शांतच ठेवतो मी त्याले. काही झालं त घेऊन जातीन."

"इतकं बसवलं तर मीसुद्धा शांत दिसेन," डॉक्टरसाहेब म्हणाले. "हा बरा आहे म्हणून शांत आहे, की बसवून ठेवला म्हणून बरा दिसतो, हे मला अजून कळलेलं नाही."

न कळलेली गोष्ट कळली असे त्यांनी कधी लिहिले नाही. त्यांचा हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो.

परतताना आम्ही शेतावरून आलो. आमच्याकडे धानाचे पाणी वरच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, खालच्या बांधीत उतरते. बळीरामची बांधी वर, आमची खाली. पण मध्ये एक नवी नाली होती, दुसरीकडून आमच्या बांधीत पाणी आणणारी. ती कशाला, असे त्यांनी विचारले.

"गावानं खोदली. पाण्यासाठी मला त्या घराशी बोलावं लागू नये म्हणून."

"तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला काय हवं होतं?"

मी सांगितले, की सुखरामला काही आठवते का एवढे मला जाणून घ्यायचे आहे. नानांच्या शेवटच्या वेळी जवळ तोच होता.

"मलाही ते जाणून घ्यायचं आहे," ते म्हणाले. "पण विचारल्याने त्याची तब्येत बिघडली, तर मला तसं लिहावं लागेल, आणि त्याला जावं लागेल. घाई नको."

धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत ते पुन्हा आले. बळीरामची व माझी संमती घेऊन त्यांनी सुखरामच्या हाती फावडे दिले आणि नाली बुजवून धुऱ्याचे तोंड फोडायला सांगितले. बळीराम काठावरच उभा राहिला. मीही. डॉक्टरसाहेब स्वतः चिखलात सुखरामच्या शेजारी उभे राहिले. पाणी आमच्या बांधीत उतरू लागले. सुखरामने फावडे खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

डॉक्टरसाहेबांनी होकाराची मान हलवली. मी विचारले, "सुखराम, तुले नाना आठवते का?"

"आठवते जी. तो पडला थे आठवते. मी म्हणलो, उठ ना गा नाना. नाही उठला."

"काही बोलला का?"

"म्हणे, सुखराम, घरी जाय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी नाही गेलो जी. तेथीच बसलो."

डॉक्टरसाहेबांनी त्याची नाडी पाहिली, त्याला सावलीत बसवले, पाणी पाजले. संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. निघताना मला म्हणाले, "गुरुजी, मी आता लिहिणार आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"घरी राहू द्या त्याला," मी म्हणालो.

सुखराम घरी ठेवण्याजोगा आहे असे त्यांनी लिहिले. उन्हाळ्यात त्याची झोप तुटते, तेव्हा त्याला एकटे सोडू नये, हेही त्यांनी कळवले. सोयीचे नव्हते म्हणून ते गाळले नाही. सुखराम आजही घरी आहे आणि रोवणी करतो. तपासणी चालूच आहे. डॉक्टरसाहेब सेवानिवृत्त झाले, तरी नवे डॉक्टर त्यांना सोबत घेऊन येतात.

डॉक्टरसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मी हा लेख लिहीत असल्याचे सुखरामला सांगितले, तर तो म्हणाला, "त्यायले लय जगा म्हणा गुरुजी. नवीन माणसाले सारं पहिल्यापासून सांगा लागन." नानांविषयी पुन्हा पहिल्यापासून सांगणे मलाही जमणार नाही. डॉक्टरसाहेबांना उत्तम प्रकृती व उदंड आयुष्य मिळावे, एवढेच आम्हा दोघांचे मागणे आहे.