चेंडू नव्हे, जाळं

रेवदंड्याच्या त्या घरी मी तिसऱ्यांदा मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र मांडलं, तेव्हा मनातल्या मनात निकाल लावूनच टाकला होता. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिथल्या दादांचा उजवा हात लुळा पडला होता. हात हलवायचं नुसतं मनात आणलं तरी मेंदूतली एक ठरावीक लय दबते. ती दबलेली सापडली, तर तिच्यावर चालणारा यांत्रिक हातमोजा त्यांना मिळणार होता. दोन खेपा फुकट गेल्या होत्या. आजही तसंच झालं, तर यादीतून नाव कमी.

पहिला अर्धा तास डोकं धुण्यात गेला. तपासणी आहे म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, खोबरेल चोपडलं होतं आणि तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत. मग इलेक्ट्रोडची टोपी चढवली, विजेची खरखर नोंदीत येऊ नये म्हणून फ्रीज बंद करायला लावला. पडद्यावर बाण दिसला की चेंडू दाबतोय अशी कल्पना करायची. चाळीस बाण झाले. काही नाही.

दारात सुकट निवडत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "ताई, ह्यांनी जन्मात कधी चेंडू दाबलाय? जालं वढायला सांगा. आन् बाण कसला? हाळी दिल्याबिगर होडीवर कोन वढतो?"

राग आला, तो स्वतःचाच. चेंडू आम्ही वापरतो, कारण प्रयोगशाळेत चेंडू असतो.

बाण बंद केला. वहिनींनी बसल्या जागेवरून हाळी दिली, "हां, वढ!" चार-पाच हाळ्यांतच लय दबताना दिसू लागली. पण नुसत्या आवाजानेही मेंदू दचकतो, त्यामुळे मी एवढ्यावर विश्वास ठेवणार नव्हते. दादांना सांगितलं, "आता हाळी ऐकायची, पण ओढायचं नाही."

"वढायचं न्हाय? मंग मी होडीवर करू काय?"

"गप बसा," वहिनी म्हणाल्या. "ते कधी जमलं न्हाय, आज जमवा."

ते गप बसले की लय जागच्या जागी, ओढायचं मनात आणलं की खाली. दोन्ही गोष्टी आलटून पालटून तासभर तपासल्या. फरक टिकला. नाव यादीत राहिलं.

सरावाच्या वेळी वहिनी मासळी विकायला बाजारात असतात, म्हणून त्यांची हाळी फोनवर भरून घेतली. महिन्याभराने फोनवरच्या त्या हाळीला हातमोज्यात दादांची बोटं पहिल्यांदा मिटली. त्यांनी आधी बोटांकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि मला म्हणाले, "आवाज जरा बारीक करा. घरात हाय तेवढा पुरतो."