देवनहळ्ळीला निघालेला ठिपका

"राइट! राइट! अण्णा, राइट! ए निपाणी, राइटला कन्नडमध्ये काय म्हणतात, सांग पटकन, पळाला तो!"

पुणे किंचाळत होती. रिक्षातून अर्धी बाहेर लोंबकळत, हातात मोबाइल, मोबाइलवर नकाशा आणि नकाशावर सरकणारा एक निळा ठिपका.

"बलगडे, अण्णा! बलगडे तगोळ्ळी!" मी ओरडलो. अण्णानं रिक्षा अशी वळवली की आमचं मागचं चाक, देवाशपथ, विमानतळाच्या एखाद्या टॅक्सीच्या टपावरून गेलं असणार.

पुणे म्हणजे मुलगी. निपाणी म्हणजे मी. आणि तो ठिपका म्हणजे नागपूर.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मेसमध्ये कुणीतरी सांबारानं जीभ भाजल्यावर "आई गं!" म्हणालं आणि तीन टेबलांवरून तीन माना वळल्या. तेव्हापासून आम्ही तिघं एकत्र, आणि एकमेकांना गावाच्याच नावानं हाका. तिसऱ्या वर्षाला येईतो आपापली खरी नावं आम्ही हजेरीच्या वेळीच ऐकायचो.

कॉम्प्युटर सायन्सच्या मुलासाठी बेंगळुरूत संधींचा असा महापूर की सकाळी मेल उघडली तर नाकातोंडात पाणी जातं. मी मात्र निपाणीचा. तंबाखूच्या बाजारात वाढलेला माणूस फुकट मिळालेली वस्तू आधी हुंगून बघतो. 'कॅम्पस अॅम्बॅसॅडर व्हा' याचा अर्थ कंपनीची पोस्टरं फुकट चिकटवा, हे मी पहिल्याच सेमिस्टरला ताडलं. कंपनीच्या व्याख्यानाला पिझ्झा असेल तर व्याख्यान शिळं असणार, आणि पिझ्झाही. सर्टिफिकिटं तर मला इतकी मिळाली की आईनं त्यांतली जाड बघून फडताळात अंथरली.

पण ही स्पर्धा निराळी होती. कॉलेजच्याच कोडिंग क्लबनं भरवलेली. अंतिम फेरी चार वाजता, सेमिनार हॉलमध्ये. जिंकणाऱ्या टीमला एका मोठ्या कंपनीच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी थेट मुलाखत, मार्क न विचारता. हे 'मार्क न विचारता' मी देवळात म्हणावं तसं पुटपुटत असे. कारण माझे मार्क असे की कंपन्यांच्या वेबसाइटवर ते भरले की खालचं बटण आपोआप विझायचं. माझ्यासाठी दुसरं दार नव्हतंच. अट एकच: सादरीकरणाला टीममधला जो मंचावर असेल, त्याचंच नाव धरणार.

आमचा प्रोजेक्ट होता कॉलेजची बस. ती बस कधी यायची हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. बनशंकरीहून येणारी एक पोरगी पहिल्या वर्षाला स्टॉपवर उभी राहिली ती दुसऱ्या वर्षाला वर्गात पोचली, असं म्हणतात. तर बसमध्ये जीपीएसची एक डबी ठेवायची, आणि मोबाइलवर निळा ठिपका बघून घरातून निघायचं. डबी चाचणीसाठी नागपूरच्या सॅकमध्ये असायची. त्यामुळे जिथे नागपूर, तिथे ठिपका. पडद्यामागचं सगळं कोड त्याचं, स्क्रीन पुण्याचे, आणि मी मंचावर बोलणार. तोंड माझं.

संशय आला तो आठवडाभर आधी. नागपूर कॅन्टीनमध्ये हुडीवाल्याबरोबर इडली खाताना दिसला. हुडीवाला म्हणजे कोडिंग क्लबचा प्रमुख, आणि वर आमच्या समोरच्या टीमचाही प्रमुख. मे महिन्यातसुद्धा डोक्यावर काळी टोपी ओढून बसणारा. त्याच्या टीमनं देवनहळ्ळीत, शेतं विकून नवे लेआउट पडलेत तिकडे, एक फ्लॅट सरावासाठी घेतलाय अशी वदंता होती.

"एकाच प्लेटमधून?" पुण्यानं विचारलं.

"चटणी एकच होती," मी म्हणालो.

"मग संपलंच."

त्या दिवसापासून आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून होतो. आम्ही लॅबमध्ये शिरलो की नागपूर लॅपटॉप तिरका करायचा. काय करतोस विचारलं तर, "थांब ना बे, करून राहिलो ना. नंतर सांगतो." हे 'नंतर' काही आलं नाही. मग आम्ही जिन्याखाली उभं राहून कुजबुजायला लागलो. तो आला की गप्प व्हायचो, आणि पुणे मोठ्यानं हवापाण्याविषयी बोलायची.

अंतिम फेरीच्या दिवशी दुपारी आम्ही कॅन्टीनला जेवत होतो. नागपूर म्हणाला होता, लॅबमध्येच बसतो, भूक नाही. पुण्यानं सहज अॅप उघडलं आणि तिच्या हातातला घास ताटात पडला. ठिपका कॉलेजच्या गेटबाहेर पडून देवनहळ्ळीच्या दिशेनं सुसाट निघाला होता.

लॅब कॅन्टीनच्या बरोब्बर डोक्यावर. एक जिना चढला की दार. पण पडद्यावर ठिपका दिसत असताना जिना चढून माणूस बघायला जाईल असा कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. फोन लावला तर बंद. झालं! गेटबाहेरून रिक्षा पकडली.

"एनु सार, हुडुगी म्याटर्रा?" अण्णानं आनंदानं विचारलं. पोरीची भानगड आहे का?

"पोरगी नाही अण्णा, कोड. कोड चोरून चाललाय."

"सरी सरी," अण्णा म्हणाला, आणि पोरगीच असणार अशा खात्रीनं त्यानं वेग वाढवला.

हायवेवर वाहनं चिखलात रुतल्यासारखी उभी होती. एक नवरदेव आमच्या देखत म्हातारा झाला. ठिपका मात्र त्याच गर्दीतून अडखळल्याशिवाय चाललेला.

"बाइकवर बसलाय हुडीवाल्याच्या मागे," पुणे दात ओठ खात म्हणाली.

मग ठिपका रस्ता सोडून एका द्राक्षाच्या बागेत शिरला. तिथून एका लेआउटच्या भिंतीतून सरळ पलीकडे. तिथून तळ्यात.

"अरे, हा पोहतोय!"

"नागपूरला पोहता येतं?"

"तेही लपवलंय त्यानं आपल्यापासून!"

"आकडे रोड इल्ला सार," अण्णा म्हणाला, तिकडे रस्ताच नाही. पण आता आम्हाला रस्त्याची गरज उरली नव्हती, आम्हाला पुरावा हवा होता. आम्ही तळ्याला वळसा घालून देवनहळ्ळीच्या जुन्या किल्ल्यापाशी पोचलो, कारण ठिपका तिथे थांबला होता. उतरतोय तोच तो नाहीसा झाला. पुण्यानं स्क्रीन खालीवर केला. ठिपका पुन्हा कॉलेजच्या गेटवर!

"डबी बंद केली. आपल्याला पाहिलं त्यानं."

"नाही नाही, बघ, परत निघाला! दुसरी खेप! कोड हप्त्याहप्त्यानं पोचवतोय!"

मी पुण्याकडे बघितलं, पुण्यानं माझ्याकडे. ठरलं. पाठलाग पुरे, आता सापळा. दुसऱ्या फेरीला इथेच येणार ना? येऊ दे. किल्ल्याच्या दारात मी एका बाजूला, पुणे दुसऱ्या बाजूला, मधे आडवी रिक्षा, आणि अण्णा हातात पाना घेऊन, कारण एव्हाना त्याला पोरगी पळवणाऱ्या त्या मुलाचा फार राग आला होता.

ठिपका आला. बागेतून, भिंतीतून, तळ्यातून, त्याच वळणांनी. जवळ आला. पुणे दबक्या आवाजात सांगत होती, "आता कोपऱ्यावर... आता दारात... आता..."

ठिपका आमच्या रिक्षातून आरपार गेला.

दारात कुणी नव्हतं. एक गाय होती, ती सकाळपासून तिथेच बसली असावी. ठिपका किल्ल्यात थांबला, नाहीसा झाला आणि पुन्हा कॉलेजच्या गेटवर उगवला.

पुण्यानं दोन बोटांनी नकाशा मोठा करून पाहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "निपाणी, हा टेस्ट डेटा आहे."

तिनं सांगितलं नसतं तरी मला कळलं होतं. डबी बिघडली तर सादरीकरणात पंचाईत नको, म्हणून खोटा ठिपका फिरवतात. चार जागा द्यायच्या, मधे सरळ रेघ, आणि फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही जमतं. आम्ही तिसऱ्या वर्षाची दोन हुशार माणसं त्याच्यामागे रिक्षा घेऊन किल्ल्यापर्यंत गेलो होतो.

येताना हायवे तसाच तुंबलेला. मी मंचावर काय बोलायचं ते घोकत होतो. पुणे दर सिग्नलला फोन लावत होती, फोन बंदच. अण्णा आमचं सांत्वन करत होता, की सार, दुसरी मिळेल, स्वल्प धीर धरा.

सेमिनार हॉलच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा आतून खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. नागपूर पायरीवर बसून लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. बाजूला फुलांचा गुच्छ. पहिलं बक्षीस.

"जिंकलो!" मी ओरडलो. "नागपूर, जिंकलो की रे!"

तो वायर गुंडाळत राहिला.

"डबी सकाळीच मेली होती," तो म्हणाला. "खोटा ठिपका लावला. सांगितलं होतं मी लॅबमध्ये, तुम्ही दोघं हेडफोन लावून बसले होते."

"आणि फोन?" पुण्यानं विचारलं.

"दुपारपासून प्रोजेक्टरला लावून होता. मधेच कुणाचा कॉल नको म्हणून फ्लाइट मोडवर टाकला."

इडलीचं मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. संशय थोडा शिल्लक असलेला बरा, अडीनडीला कामी येतो. विचारायचं होतं ते वेगळंच, आणि माझ्या त्या प्रसिद्ध तोंडातून ते निघेना. शेवटी पुण्यानंच विचारलं.

"आणि मुलाखतीला? आमची नावं?"

नागपूरनं वायरला गाठ मारली, सॅकमध्ये टाकली, चेन लावली.

"परीक्षकांनी विचारलं बाकीचे दोघं कुठं आहेत," तो म्हणाला. "आठवडाभर तुम्ही जिन्याखाली कुजबुजून राहिले होते. मला वाटलं, हुडीवाल्याकडे गेले. मी म्हटलं, मी एकटाच आहे."